ओहोटीचा चहा

मचवा घेतला तेव्हा शालननं एकच विचारलं,
यात चहा कुठे करायचा?
मी शिडाचं सांगत होतो, जुन्या डोलकाठीचं,
धाकू मेस्तानं बदललेल्या तीन फळ्यांचं,
जैतापूरच्या खाडीतून मुसाकाजी, आंबोळगड,
मग वारा धरून थेट वेंगुर्ल्यापर्यंत.
ती म्हणाली, ते ठीक. चहा?

तेव्हापासून चार महिने घरात
विस्तवाचीच बोलणी.

राजापुरात गॅसचा पाच किलोचा सिलिंडर मिळत होता,
डबुशात बेताबेतानं मावेल असा.
माप घेऊन मी इब्राहिम सोलकरांकडे गेलो.
बत्तीस वर्षं पत्तेमारीवर भंडारी,
मंगळुरी कौलांच्या राशीला पाठ टेकून
अकरा खलाशांची डाळ शिजवणारा माणूस.
डाव्या भुवईच्या जागी गुळगुळीत कातडी.

म्हणाले, घरात गॅस गळला
तर दाराखालून निघून तरी जातो.
होडीला दार नाही. होडी म्हणजे वाडगा.
हवेहून जड तो. फळ्यांच्या फटीतून खाली उतरतो,
तळच्या पाण्यावर अंग पसरतो
आणि वाट बघतो,
कुणी बिडी कधी पेटवतंय त्याची.

मी भुवईकडे बघितलं.
ही? ही रॉकेलनं नेली. ते हसले.
स्टोव्ह तापायच्या आत पंप मारला म्हणून.
गॅस भुवईवर थांबत नाही.

रॉकेल तर आता रेशनवरही दिसत नाही,
आणि दिसलं तरी तांदळाला वास, शिडाला वास.
वाळूच्या पेटीत मातीची चूल, सुरूची लाकडं,
हे माझ्या आजोबांचं. त्यांची होडी उघडी होती.
बंद डबुशात निखारे ठेवले
तर डोळे छान मिटतात, उघडायचं राहून जातं.
रत्नागिरीहून भाचा म्हणाला, मामा, इंडक्शन घ्या.
शालन म्हणाली, बॅटरी दिव्याला राहू दे.
रात्री ट्रॉलरला आपण दिसलो पाहिजे.

राहिलं स्पिरिट.
महाग. आळशी. आणि उन्हात त्याची ज्योत दिसतच नाही,
पेटलंय की विझलंय हे हाताला विचारावं लागतं.
शालननं अंगणात जुन्या ताटलीत चमचाभर ओतलं,
काडी लावली,
मागे सरकून पूर्ण तांब्या उलटा केला.
अर्धा नाही, म्हणाली, अर्ध्यानं ते पळतं.
विझलं.
चहूकडे पाणी असणाऱ्यानं
पाण्याला मानणारा विस्तव ठेवावा.
एवढं बोलून ती ताटली घासायला गेली.

धाकूनं स्टोव्ह दोन कानांवर टांगला,
सायकलचं बेअरिंग, खाली जाळ्याची शिशं,
पातेल्याभोवती बोटभर उंच कठडा.
वरची झडप कायमची उघडी ठेवायची, असं बजावलं.
पैसे घेताना कानांचे घेतले, शिशांचे नाही.

काल ओहोटीला पाणी निघून गेलं
आणि मचवा चिखलात कुशीवर झोपला.
भिंत जमीन झाली. माझी चप्पल घरंगळत
सुकाणूच्या पायथ्याशी गेली.
आम्ही दोघं फळीला तळवे रोवून बसलो,
आणि त्या सगळ्या तिरपेपणात
एकटा स्टोव्ह सरळ लोंबत होता.

तिनं पदर खोचला,
थाळीची सावली धरून ज्योत बघितली.
उकळी यायला सतरा मिनिटं लागली. मी मोजली.
पातेल्यातला चहा काठाला समांतर,
बाहेरचं क्षितिज मात्र कलंडलेलं.

साखर घरीच राहिली होती.
भरतीला अजून तीन तास होते.
बशी फुंकता फुंकता ती म्हणाली,
वेंगुर्ल्याला दूध किती वाजता येतं?